कुर्डुवाडी जंक्शनवरची ३० मिनिटे

मुंबई-सोलापूर आणि मिरज-लातूर हे लोहमार्ग कुर्डुवाडीला एकमेकांना भेटतात. गाडी बदलायला मी तेथे उतरलो, तेव्हा बाकावर एक शेतकरी दादा मोबाईलशी झुंजत बसले होते. पीकविमा भरायचा शेवटचा दिवस. मुलाला सातबाऱ्याचा फोटो पाठवायचा, आणि नेटपॅक संपलेला.

"साहेब, स्टेशनचं वायफाय दिसतंय, पण लागंना!"

हे वायफाय रोज पहिली ३० मिनिटे मोफत असते. जोडल्यावर ब्राउझरमध्ये एक पान उघडते. तेथे मोबाईल क्रमांक द्यावा, मेसेजने आलेला ओटीपी टाकावा, की वाट मोकळी. नेटपॅक नसला तरी मेसेज येतो. दादांचे ते पानच उघडेना. सेटिंग पाहिले, तर तारीख दोन वर्षे मागची! तारीख चुकली की फोन सुरक्षित पान खरे मानत नाही. आपोआप तारीख घेण्याचे बटण सुरू केले, वायफाय काढून पुन्हा जोडले. पान उघडले, फोटो गेला. दादांचा चेहरा उजळला.

शेतकरी बंधूंनो, पेरणीआधी वाफसा पाहतो, तशी आधी फोनची तारीख पाहावी. मात्र अशा सार्वजनिक वायफायवर बँकेचे व्यवहार करू नयेत.