बिनलोडचे १६ व्होल्ट

आमच्या घरी एक थिंकपॅड टी४२ आहे. मॉडेल २००४ चं, म्हणजे झाकणावर अजून आयबीएमची तीनरंगी अक्षरं असलेल्या काळातलं. अण्णांनी २००८ मध्ये तो सेकंडहँड घेतला. पालममध्ये त्यांचं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान होतं आणि लोडशेडिंग इतकं, की डेस्कटॉप म्हणजे दिवसातले बरेच तास नुसतं फर्निचर. लॅपटॉपची बॅटरी मात्र दोनेक तास ओढायची. अर्ज, शपथपत्रं, वाटणीपत्रं, लग्नपत्रिका, सगळं त्यावर टाइप झालं.

बॅटरी कधीच मेली. मग अडॅप्टरवर चालायचा. मग तेही बंद झालं.

लक्षण असं: अडॅप्टर लावला की प्लगचा हिरवा दिवा लागतो. पॉवरचं बटण दाबलं की दोन सेकंदांत सगळं विझतं आणि थोड्या वेळानं दिवा पुन्हा लागतो. एका दुकानात ‘मदरबोर्ड गेला, भंगारात घाला’ असं सांगून झालं होतं. मी मल्टिमीटर लावला. अडॅप्टरवर छापलंय १६ व्होल्ट, ४.५ अँपिअर, मीटरवर आले १६.१. अडॅप्टर ठणठणीत, असंच कुणीही म्हणेल.

हे सगळं आत्ताच का काढलं? फरकंड्याच्या एक काकू दुकानात आल्या होत्या. नवरा वारला, दीर वाटणी झालीच नाही म्हणतात. ‘तुझ्या बापानंच टाइप केलं व्हतं गं माय, २००९ साली. माझ्याकडचा कागद पावसात गेला.’ बिनसहीच्या फाइलला कोर्टात किंमत नसते, पण त्यात गट नंबर आणि दस्ताची तारीख असते. ती हाती आली की दुय्यम निबंधकाकडे मूळ दस्त शोधता येतो. हार्डडिस्क काढून दुसरीकडे वाचता आली असती, पण फायली युनिकोडच्या आधीच्या मराठी फाँटमधल्या. नव्या कॉम्प्युटरवर नुसती कचरापट्टी दिसते. ते सॉफ्टवेअर पाठीमागच्या पॅरलल पोर्टला त्याचं कुलूप लावल्याशिवाय उघडत नाही. आणि आता पॅरलल पोर्टवाला लॅपटॉप आणायचा कुठून?

तर पुन्हा अडॅप्टर. पाण्याची टाकी भरलेली आहे, नळ बंद आहे, तोवर पाइपात दाब दिसतोच. पाइप चोंदलाय का, ते नळ सोडल्यावर कळतं. म्हणून लोड द्यायचा. लोड म्हणून मी जुन्या शेगडीची स्प्रिंग घेतली. १००० वॅटची पूर्ण स्प्रिंग साधारण ५३ ओहमची, तिचा पाचवा हिस्सा १० ओहमच्या आसपास. १६ व्होल्टला त्यातून दीड अँपिअर जातो. फरशीच्या तुकड्यावर स्प्रिंग ठेवली, वायर जोडली. मीटर १६ वरून थेट ९ वर आला आणि तिथंच थरथरत राहिला.

मदरबोर्डवर उगाच आळ आला होता.

अडॅप्टर उघडताना एक सांगते, कारण व्हिडिओंमध्ये हे घाईत उरकतात. प्लग काढला तरी आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३२५ व्होल्टपर्यंत चार्ज उरलेला असू शकतो. मी जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब त्याच्या दोन पायांना लावून तो उतरवला, मीटरनं शून्य बघितलं, मगच हात घातला.

आउटपुटकडचे दोन कपॅसिटर डोक्यावर फुगले होते. आतला द्रव वाळला की कपॅसिटर मोकळेपणी करंट देऊ शकत नाही. तापमान १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य निम्मं होतं, असा ढोबळ हिशोब आहे. आणि आमचा मे महिना तुम्हाला माहीत असेलच. शिवाय संध्याकाळी सगळ्या मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज बसतं. अडॅप्टर १०० पासून २४० व्होल्टपर्यंत चालतो खरा, पण व्होल्टेज कमी आलं की तेवढंच काम करायला तो जास्त करंट ओढतो, आणि जास्त तापतो. बिचारा वर्षानुवर्षं तेच करत होता.

गावात ८५ डिग्रीचे कपॅसिटर मिळत होते. मला १०५ डिग्रीचे, कमी अंतर्गत रोधाचे हवे होते, २५ व्होल्टचे. ऑनलाइन मागवले. अण्णा शेजारी बसून ‘पट्टी मायनसकडं, पट्टी मायनसकडं’ म्हणत होते. त्यांना इलेक्ट्रॉनिक्समधलं एवढंच येतं, पण ते बरोबर येतं.

पुन्हा शेगडीची स्प्रिंग. १५.८, आणि हलेना.

लॅपटॉपवर आधी १६१ हा एरर आला. आतला नाण्याएवढा सेलही संपलेला. तारीख-वेळ हातानं भरली आणि एक्सपी उघडलं. अण्णांनी फोल्डर गावांच्या नावानं केले होते: आरखेड, चाटोरी, पेठशिवणी, फरकंडा. फरकंड्यात ४३ फायली. अठराव्या फाइलमध्ये काकूंच्या नवऱ्याचं नाव होतं.

फोन लावला. गट नंबर सांगायला सुरुवात केली तर त्या म्हणाल्या, ‘थांब माय, पोरीला वही घेऊन बोलावते.’