अंगठ्याचे डाग

जुनं पुस्तक उसवायचं तर आधी कणा भिजवावा लागतो. त्यावर ओलं फडकं ठेवायचं, दहा मिनिटं चहा प्यायचा आणि मग बोथट सुरीनं जुना सरस खरवडून काढायचा. घाई केली की सरसाबरोबर कागदही सोलून येतो. कणा मोकळा झाला की प्रत्येक जुजाच्या पोटातला दोरा कापायचा. मघापर्यंत एकजीव असलेलं पुस्तक मग वीस-पंचवीस जुजांचा ढीग होऊन समोर पडतं. एक जुज म्हणजे साधारण १६ पृष्ठं. वाचणाऱ्याला जुज कधी दिसत नाही. बाइंडरला दुसरं काही दिसत नाही.

तीस वर्षं मी हे काम करतेय. अण्णा छापखान्यात बाइंडर होते, पुढे नगरातच चितळे रोडजवळच्या एका बोळात त्यांनी स्वतःचं टेबल टाकलं. त्यांचा शिकंजा, टोचा, घासून घासून आरशासारखी झालेली हाडाची पट्टी, सगळं माझ्याकडे आलं. बरोबर एक नियमही आला. गिऱ्हाइकाचं पुस्तक वाचायचं नाही. "वाचायला बसलीस की धंदा बसला," असं ते म्हणायचे. मी तो नियम इमानानं पाळला आणि गेल्या वर्षी मोडला.

त्याला कारण माझा अंगठा. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी कळ येऊ लागली. डॉक्टरांनी सांगितलं, शिवण बंद करू नका, पण सलग शिवू नका. म्हणजे एक जुज शिवायचं आणि थोडा वेळ हात मांडीवर ठेवून बसायचं. रिकामं बसणं मला जमत नाही. समोर पुढचं जुज पडलेलं असायचं, ते उचलून वाचायला लागले. महिनाभरात नियम उलटा झाला, वाचल्याशिवाय जुज शिवायचं नाही.

असं वाचण्यात एक मजा आहे. पुढे काय होतं ते डोकावून बघता येत नाही, कारण पुढची जुजं वजनाखाली दाबलेली असतात. मागे जाता येत नाही, कारण मागचं शिवलेलं असतं. सोळा पृष्ठं वाक्याच्या मध्येच संपतात, आणि मग टोचा घेऊन भोकं पाडत, मेण लावलेला दोरा ओढत, त्या तुटलेल्या वाक्याचा विचार करत बसायचं.

दुसरीही एक गोष्ट झाली. पुस्तक सुटं झालं की त्याचा मळ उघडा पडतो. पानाच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे अंगठा टेकतो, तिथे काळपट डाग असतो. काही पानांवर तो फिका, काहींवर चांगला दाट. कोणतं पान जास्त वाचलं गेलं ते मला न वाचता कळायचं. त्या पानावर काय लिहिलंय हे मात्र तीस वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. गेल्या वर्षी ते पाहत गेले.

जूनमध्ये पाथर्डीकडच्या एका आजींचा नातू ‘नवनाथ भक्तिसार’ घेऊन आला. श्रावणातल्या पारायणाआधी बांधून हवा होता. धुंडीसुत मालू यांचा हा ग्रंथ शके १७४१ म्हणजे १८१९ सालचा, ४० अध्यायांचा, साडेसात हजारांवर ओव्यांचा. लहानपणी तो नुसता कानावरून गेला होता. आता एकेक जुज वाचताना वाटलं, आजची मुलं ज्याला फँटसी म्हणतात ती याहून वेगळी काय असते? चिमूटभर भस्मावर मंत्र म्हटला की अस्त्र सुटतं, उगारलेला डोंगर आकाशातच अडकून पडतो, कुणी हत्तीच्या कानातून जन्म घेतो, कुणी यज्ञकुंडातून. स्त्रीराज्य आहे. आणि ही जादू वाटेल तशी चालत नाही. विद्या कुणी दिली, कोणतं अस्त्र कशानं उतरतं, याचा चोख हिशोब आहे. मैद्याच्या खळीला कीड लागू नये म्हणून मीही चिमूटभर मोरचूद टाकते. तो हिशोब चुकला की काय होतं ते मला माहीत आहे. तेव्हा नाथांच्या चिमटीवर माझा चटकन विश्वास बसला.

आणि या कथेतल्या लोकांच्या समाध्या एसटीनं जाऊन बघता येतात. कानिफनाथ मढीला, मच्छिंद्रनाथ मायंब्याला, एकाच गर्भगिरीच्या रांगेत. मढीला होळीपासून यात्रा भरते आणि गाढवांचा बाजार लागतो. जादूगारांच्या राज्याला एवढा पक्का पत्ता मी दुसऱ्या कुठल्या पुस्तकात वाचला नाही.

मला वाटलं होतं, सगळ्यात काळी पानं लढायांची असतील. ती जवळजवळ कोरी निघाली. मळ होता एका वेगळ्याच गोष्टीवर. मूलबाळ नसलेल्या बाईला मच्छिंद्रनाथ भस्म देतात. शेजारणी तिच्या मनात भीती घालतात आणि ती ते भस्म उकिरड्यावर टाकते. बारा वर्षांनी नाथ पुन्हा दारात उभे राहतात आणि विचारतात, मुलगा कुठे आहे? त्या पानावर तेलाचा गोल डाग होता, हळदीची दोन बोटं होती आणि समासात पेन्सिलीनं एक तारीख होती.

नातवाला ग्रंथ चकचकीत हवा होता. कडा मशिनवर कापून घ्या म्हणाला. संध्याकाळी आजींचाच फोन आला. "ताई, कात्री लावू नका बरं का. डाग ऱ्हाऊ द्या."

त्यांनी सांगायची गरज नव्हती. अण्णांनी एकदा एका घरची ज्ञानेश्वरी बांधली आणि शेवटी रिवाजाप्रमाणे तिन्ही कडा कापल्या. त्या घरात तीन पिढ्यांचे जन्म आणि मृत्यू समासात लिहून ठेवलेले होते. ते कातरणीत गेले. पुस्तक न्यायला आलेले गृहस्थ ओरडले नाहीत. खाली बसले आणि कातरणाच्या टोपलीतून एकेक पट्टी काढून बघू लागले. अण्णाही त्यांच्या शेजारी बसले. तीन अर्धी नावं सापडली. त्यानंतर आमच्याकडे जुन्या पुस्तकाची कड कधी कापली गेली नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली, त्यात कुणी ओवी घालू नये असं बजावून ठेवलं, हे मी पुढे वाचलं. समासाबद्दल त्यांचं काय मत असतं कोण जाणे.

वर्षातलं सगळ्यात आवडलेलं पुस्तक निवडायचं तर मी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ निवडीन. निवडायला वेळ लागणार नाही. १९३४ ते १९३६ या काळात भागाभागांनी आलेलं हे पुस्तक. नगरच्या माणसाला ते शेजारच्या वाड्यातलं वाटतं. राहुरी आणि नगर त्यात घरातल्या माणसांसारखी वावरतात. याच गावात टिळकांच्या घरी बालकवी राहून गेले. माझ्याकडे आलेली प्रत सावेडीच्या एका निवृत्त शिक्षिकेची होती, कागद कुरकुरीत झालेला, हात लावला की कोपरा निखळायचा. जपानी टिश्यूच्या पट्ट्या लावत लावत वाचलं, त्यामुळे दीड महिना पुरलं. दोनदा पट्टी चुकीच्या पानाला चिकटली, कारण मी हसत होते.

सोवळ्याचं वेड लागलेले वडील, न सांगता घरातून निघून जाणारा कवी नवरा, १८९५ मध्ये त्यानं धर्म बदलल्यानंतरची ती वर्षांची ताटातूट. दुसऱ्या कुणी हे लिहिलं असतं तर पानापानावर पदर डोळ्याला लागला असता. ही बाई मात्र स्वतःवरच हसते, आणि हसता हसता सुरी कुठे फिरली ते आपल्याला दोन पानांनी कळतं. शिवणीच्या भाषेत सांगायचं तर तिच्या गद्याला गाठ दिसत नाही. गाठ असते, पण जुजाच्या आत.

शिक्षिकाबाईंनी त्या प्रतीत लाल पेन्सिलीनं रेघा मारल्या होत्या. धर्मांतराच्या भागाला दुहेरी रेघ आणि ‘महत्त्वाचे’ असा शेरा. मळ मात्र तिथे नव्हता. तो नवराबायकोच्या भांडणांवर होता. लाल रेघ एका पानावर आणि अंगठा दुसऱ्याच.

भुईकोट किल्ल्यात लिहिली गेलेली दोन पुस्तकंही गेल्या वर्षी हाताखालून गेली. १९४२ च्या ऑगस्टात काँग्रेसचे पुढारी इथे आणून ठेवले होते. नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ १९४४ मध्ये इथेच लिहिलं. त्याची मराठी प्रत मी पूर्ण शिवली आणि अर्धी वाचली. मौलाना आझादांचं ‘गुबार-ए-ख़ातिर’ देवनागरीत मिळालं. उर्दू शब्दांना अडखळत होते तरी सोडवेना. टपालात टाकता येत नाहीत अशी पत्रं हा माणूस एका मित्राला लिहितो. देशात आग लागलेली, आणि पत्रात चहाची पत्ती आणि खोलीत घरटं करणाऱ्या चिमण्या. आधी तो चिमण्यांशी युद्ध पुकारतो, मग हरतो, मग त्यांना नावं ठेवून हातावर दाणे खायला घालतो. इथे मळ कुठे असेल हे मी उसवायच्या आधीच ओळखलं होतं. चिमण्यांचीच पानं. किल्ल्यावरून जाताना आता मी भिंतीकडे बघते, चिमण्या दिसतात का म्हणून.

राहुरीला शिकणारा एक मुलगा ‘स्वामी मुद्रिकांचा’ घेऊन आला. टोल्कीनच्या तीन खंडांचा मुग्धा कर्णिक यांनी केलेला अनुवाद. होस्टेलवर एकाच वेळी तिघाचौघांना वाचता यावं म्हणून मुलांनीच ब्लेडनं त्याचे तुकडे केले होते. वाचायच्या भुकेनं फाडलेल्या पुस्तकावर मी चिडू शकले नाही, फक्त मजुरी पुरेपूर लावली. सुट्या पानांना जुज नसतं. कडेनं टाचून घ्यावं लागतं, पुस्तक नीट उघडत नाही आणि अंगठ्याची तर वाट लागते. तरी नियम सोडला नाही.

लढाया लांबलचक आहेत, नावांचा गुंता आहे, आणि मधली गाणी मी ओलांडली. पण शेवटाकडे एक जागा येते. सॅम नावाचा तो माळी घरापासून पाठीवर स्वयंपाकाची भांडी वाहत आला आहे, जवळ मीठही बाळगलं आहे. ज्वालामुखीच्या वाटेवर ओझं झेपेना म्हणून ती भांडी त्याला भेगेत टाकून द्यावी लागतात आणि पडताना त्यांचा आवाज होतो. त्या पानाचा कोपरा काळा होता. तिथे भूत नाही, राक्षस नाही, घराबाहेर पडलेल्या पोरांचे अंगठे आणि एक पातेलं. मुलाला विचारावंसं वाटलं, पण तो पैसे देऊन घाईनं बस पकडायला गेला.

एव्हाना मला वाटायला लागलं होतं की मी शहाणी झाले. डाग बघायचा की पुस्तक कळलं. तेवढ्यात तालुक्याच्या एका वाचनालयाच्या गठ्ठ्यात जी. एं.ची ‘रमलखुणा’ निघाली. १९७५ चं पुस्तक, ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ या दोनच दीर्घ कथा. पहिलं जुज मळलेलं, दुसरं कमी, पुढे पानं अशी स्वच्छ की कालच छापलीत. लोकांनी सोडून दिलं होतं. मी मात्र त्या स्वच्छ पानांतच रात्रीचे अकरा वाजवले. कुठल्याही नकाशात नसलेला तो प्रदेश, ती भविष्यं, ती उन्हं. त्या रात्री एकही टाका घातला नाही. सकाळी उठून पाहिलं तर कोऱ्या कोपऱ्यात खळीचा एक ठसा उमटला होता, माझा. ओल्या कापसानं पुसायला गेले आणि थांबले. पुस्तक वाचनालयाचं, तेव्हा शेवटी पुसलाच. पण पूर्ण निघाला नाही.

डिसेंबरात कथासरित्सागराचा एक मराठी खंड आला. त्यात गुणाढ्याची गोष्ट आहे. प्रतिष्ठानच्या सातवाहन राजाचा हा पंडित. प्रतिष्ठान म्हणजे पैठण, आमच्या शेवगावहून गोदावरी ओलांडली की आलंच. पैज हरून त्यानं संस्कृत सोडलेलं असतं, म्हणून सात लाख श्लोकांची बृहत्कथा तो पैशाची भाषेत, स्वतःच्या रक्तानं लिहितो. राजा ती नाकारतो. मग गुणाढ्य रानात अग्निकुंड पेटवतो, एकेक पान मोठ्यानं वाचतो आणि आगीत टाकतो. जनावरं चरायचं सोडून ऐकत उभी राहतात, रोडावतात. राजाच्या ताटातलं मांस सुकं होतं, राजा आजारी पडतो, चौकशी होते आणि तो धावत येतो. तोवर सहा लाख श्लोक जळालेले असतात.

एकेक पान वाचून हातावेगळं करायचं, मागे फिरायचं नाही. हे वाचताना मी दोरा ओवत होते आणि सुई बोटात शिरली.

उरलेल्या एक लाखातून पुढे, अकराव्या शतकात, काश्मीरच्या सोमदेवानं कथासरित्सागर रचला असं परंपरा सांगते. त्यातच वेताळाच्या पंचवीस गोष्टी आहेत. त्या फिरत फिरत कुठे गेल्या ते माझ्या टेबलावर आहे. परवा एक बाई वडिलांनी जपून ठेवलेले ‘चांदोबा’चे अंक घेऊन आल्या, सहा वर्षांचे, वर्षावर्षाचे गठ्ठे बांधायचेत. मी वरचे चार-पाच चाळले. प्रत्येक अंकात एकाच गोष्टीची पानं सगळ्यात काळी आहेत, झाडावरून प्रेत खांद्यावर घेऊन राजा चालू लागतो तिथली. पिना गंजल्या आहेत, कागदाला तांबडे डाग पडलेत. आधी त्या पिना काढायला हव्यात.