आवाज उगमापाशीच थांबतो

छत्रपती संभाजीनगरात आवाजाचा विषय निघाला की बोट डीजेकडे जाते, नाहीतर फटाका सायलेन्सर लावलेल्या बुलेटकडे. दोन्ही तक्रारी रास्त आहेत. पण बारा महिने झोप मोडणारा आवाज बहुतेकदा इमारतीच्या पायथ्याशीच असतो, तो पाण्याच्या मोटारीचा. जायकवाडीचे पाणी या शहराला वर्षानुवर्षे काही दिवसांच्या अंतराने मिळत आले आहे आणि ते कधी मध्यरात्री सुटते, कधी पहाटे. पाणी सुटले की गल्लीभर मोटारी सुरू होतात, कारण हौद भरून गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवल्याशिवाय गत्यंतर नसते.

हा आवाज हवेतून थोडा आणि इमारतीच्या अंगातून जास्त येतो. मोटार काँक्रीटच्या चौथऱ्यावर बोल्टने थेट आवळलेली असली, की तिची थरथर कॉलममधून चढत जाते आणि तिसऱ्या मजल्यावर उशाशी घुमते. तिथे खिडकी लावून घेऊन काही साधत नाही. उपाय खालीच करावा लागतो. मोटारीखाली जाड रबरी पॅड, बोल्टखाली रबरी वॉशर, मोटार आणि लोखंडी पाइप यांच्यामध्ये वीतभर लवचीक होज आणि भिंतीवरच्या क्लॅम्पमध्ये टायरच्या जुन्या ट्यूबची पट्टी. यातले एकच केले आणि पाइप भिंतीत सिमेंटने पक्का ठेवला, तर थरथर त्या वाटेने वर जाते. बेअरिंग घासले असेल तर मात्र आधी ते बदलावे. रबर त्याची खरखर लपवू शकत नाही.

जालना रोडवरच्या वाहतुकीचा आवाज हवेतून येतो आणि त्याचे गणित निराळे आहे. डेसिबल साध्या बेरजेने वाढत नाहीत. सारखेच दोन आवाज एकत्र आले तर आकडा फक्त 3 ने चढतो. म्हणजेच रहदारी निम्मी झाली, तरी 3 डेसिबलच उतरतात. वाहत्या रस्त्यापासून दुप्पट लांब गेल्यानेही साधारण तेवढेच पदरात पडते. त्यामुळे बाकीच्या गोंगाटावर एकटा उठणारा हॉर्न थांबवणे जास्त फायद्याचे. क्रांती चौकात सिग्नल हिरवा होण्याआधी मागून वाजणाऱ्या हॉर्नने आजवर कोणाची गाडी पुढे सरकलेली नाही.

गुलमंडीच्या बाजूच्या जुन्या वाड्यांच्या दगड-चुन्याच्या जाड भिंती आवाज चांगला अडवतात, कारण अडवते ते वजन. पडदे आणि फोम खोलीतला घुमारा कमी करतात, बाहेरचा आवाज नाही. रस्त्याकडेची झाडांची एक रांग सावली देते, त्यापलीकडे फारसे काही नाही. स्लायडिंग खिडकीच्या फटी तर सगळ्यावर पाणी फिरवतात. भिंतीच्या क्षेत्रफळाच्या शंभराव्या हिश्शाइतकी जागा उघडी राहिली, तर भिंत कितीही भारी असो, आवाज 20 डेसिबलच्या आसपासच अडतो. म्हणून दुहेरी काचेआधी फटींना रबरी पट्टी लावावी. पण एप्रिल-मे महिन्यांत इथल्या खिडक्या बंद ठेवायच्या कोणी? खिडकीत कूलर बसलेला असतो आणि तो स्वतःच घरघरतो. ऐकणाऱ्याने कोंडून घ्यायचे आणि आवाज करणाऱ्याने मोकळे राहायचे, ही वाटणी या हवामानाला परवडणारी नाही.

वाळूजच्या प्रेस शॉपमध्ये आवाज मुळातच मोठा. तिथे आठ तासांसाठी 90 डेसिबल ही मर्यादा मानतात. यंत्राला आवरण घालून उरलेल्या आवाजासाठी इअरप्लग, हा क्रम योग्य. प्रत्यक्षात इअरप्लग आधी हातात पडतो.

ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे 10 ते सकाळी 6. मर्यादेपेक्षा आवाज 10 डेसिबल किंवा अधिक चढला की नागरिक तक्रार करू शकतो. सवलतीचे मोजके दिवस सोडता उघड्यावर रात्री 10 नंतर डीजे वाजत असेल, तर मोजणीसाठी थांबायचे कारण नाही. वेळेचा भंग हीच तक्रार पुरेशी आहे आणि ती 112 वर करता येते.