आधी कामाचं बोलायचं

येरवड्याच्या कारागृहाचं नाव निघालं की लोकांना १९३२चा पुणे करार आठवतो. मला आठवते श्रीगोंद्याकडून पहाटेच्या एसटीनं येणारी एक मावशी. तिचा मुलगा आत होता, माझा नवरा आत होता. ओळख एवढीच. पण सख्ख्यांनी पाठ फिरवली त्या काळात मी उभी राहिले ती तिच्या आधारानं. हे ऋण एकदा चारचौघांत बोलून दाखवावं, असं फार दिवस मनात होतं.

माणूस आत गेला की बाहेरच्या बाईची शिक्षा निकालासाठी थांबत नाही. घरमालकानं खोली खाली करायला सांगितलं. सासरच्यांनी माझा पायगुण काढला. मुलीच्या मैत्रिणी खेळायला यायच्या बंद झाल्या. बँकेचं खातं त्याच्या नावावर, गॅसचं पुस्तक त्याच्या नावावर, आणि सही करणारा हात गजांआड. यातून वाट कशी काढायची, हे सांगणारं कुणी नव्हतं.

पहिल्या मुलाकातीला मी बेसनाचे लाडू नेले होते. रांगेत पुढं उभ्या असलेल्या मावशीनं माझी पिशवी पाहिली. “डबा आत जात न्हाई, पोरी. घरच्या जेवणाला कोर्टाची परवानगी लागती. मनीऑर्डर कर, त्यो आतल्या कॅन्टीनमधनं घील काय ते.” मग मला बाजूला कट्ट्यावर बसवून तिनं डबा उघडला आणि एक लाडू माझ्याच हातावर ठेवला. “खा. उपाशी पोटी गेलीस तर रडशील, आन् सगळी येळ रडण्यातच जाईल. आधी कामाचं बोलायचं, मंग रडायचं.”

तिनंच मला चिठ्ठी करायला लावली. वकीलपत्रावर सही झाली का? चेकबुक कुठं आहे? औषध मिळतं का? पुढची तारीख कधी? तिला स्वतःला लिहिता येत नव्हतं. ती सांगत गेली, मी एसटीच्या तिकिटामागं लिहीत गेले. आत काचेपलीकडे तो दिसला, कानाला फोन लावला, आणि माझा आवाज फुटेना. मी तिकीट उलटं केलं आणि वाचायला सुरुवात केली. त्या दिवशी आमचं सगळं बोलणं झालं. रडलेही, पण शेवटी.

एक गोष्ट मला पुष्कळ नंतर जाणवली. त्यानं काय केलं, हे तिनं मला कधीच विचारलं नाही. बाकी प्रत्येकानं विचारलं होतं. नातेवाइकांनी कुजबुजत विचारलं, शेजाऱ्यांनी तोंडावर. मावशी विचारायची, “वकील कोण? तारीख कधी? पोरगी जेवती का?” म्हणून त्याच्यावरचा आरोप आणि खटल्याचा निकाल मीही इथं सांगणार नाही. रांगेतल्या बाईला काय हवं असतं, याच्याशी त्याचा संबंध नाही.

विधी सेवा प्राधिकरणाचं नावही मी तिच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकलं. १९८७च्या कायद्यानं बाईला आणि कोठडीत असलेल्या माणसाला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. मी तोवर मंगळसूत्र गहाण ठेवून फी भरत होते. पुढं जामीन मंजूर झाला, पण जामीनदार मिळेना. सातबारा असलेल्या काकांनी फोन उचलणं सोडलं. तेव्हाही मावशीच म्हणाली, “रोख जामिनाचा अर्ज टाकाय सांग वकिलाला.” अर्ज मंजूर झाला. तो बाहेर आला तेव्हा तिचा मुलगा अजून आतच होता. तरी माझ्यापेक्षा मोठ्यानं तीच हसली.

जामिनाचा हा पेच जुना आहे. १९७८ साली मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याला दहा हजारांचा जामीन सांगितला गेला, आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून तो जामीनदारही नाकारला गेला. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ती रक्कम एक हजारावर आणली. २०२३मध्ये त्याच न्यायालयानं सांगितलं, की जामीन मंजूर होऊन महिनाभरात जामीनदार मिळाला नाही, तर अटी शिथिल करता येतील का, याचा खालच्या न्यायालयानं स्वतःहून विचार करावा. हे रांगेपर्यंत पोचवायला मात्र माणूस लागतो.

ते काम आता मी जमेल तसं करते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती. त्यांतल्या ४,३४,३०२ जणांचे खटले संपलेले नव्हते. स्त्रिया होत्या २३,७७२. बाकीच्या साडेपाच लाख पुरुषांमागं किती आया, बायका, बहिणी, लेकी असतील, ते कुठल्याच रकान्यात नाही. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ प्रकल्प १९९०पासून कैद्यांसाठी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी झटतो आहे. अशी माणसं जिल्ह्याजिल्ह्यांत हवीत. मी बायकांना विधी सेवा प्राधिकरणाच्या खोलीपर्यंत घेऊन जाते, १५१०० हा मदतीचा क्रमांक लिहून देते, आई किंवा वडील तुरुंगात असलेल्या मुलांसाठी बालसंगोपन योजनेचा अर्ज भरायला बसते. आणि प्रत्येकीला चिठ्ठी करायला लावते.

मावशीच्या मुलाला दुसऱ्या कारागृहात हलवल्यावर आमची गाठ पडली नाही. तिच्या गावी जाऊन आले, ती तिथं नव्हती. ऋण तिच्या हातात परत ठेवता येत नाही, याची खंत आहेच. पण जे तिनं मला दिलं ते तिलाही रांगेतच कुणीतरी दिलं असणार, आणि ते पुढच्या बाईपाशी पोचतं करणं माझ्या हातात आहे.

तुमच्या चाळीत, सोसायटीत, गावात अशी एखादी बाई असेल. तिच्या माणसानं काय केलं, हे तिला विचारू नका. तारीख कधी आहे ते विचारा, आणि त्या दिवशी तिच्याबरोबर कोर्टात जा.