एट माइल रोडच्या अलीकडे

डेट्रॉइटला आलेले पाहुणे मोटारींची संग्रहालयं बघतात. मला एक भिंत बघायची होती. एट माइल रोडवरून भाचीने गाडी आत वळवली आणि बर्वुड स्ट्रीटजवळच्या मैदानाच्या कडेला ती दिसली. सहा फूट उंच, साधारण अर्धा मैल लांब. मैदानालगत २००६ साली काढलेली चित्रं आहेत : बसमध्ये चढणाऱ्या रोझा पार्क्स, साबणाचे फुगे उडवणारी मुलं. चित्रं संपली की नुसतं करडं काँक्रीट, लोकांच्या परसांमागून गेलेलं.

"मावशी, ही तर कुणीही चढून जाईल," भाची म्हणाली.

जाईलच. १९४१ साली ती बांधली कर्जासाठी. कृष्णवर्णीय कुटुंबं इथे आधीपासून प्लॉट घेऊन, जमेल तसं घर उभारून राहत होती. शेजारी एका बिल्डरला गोऱ्यांसाठी वसाहत काढायची होती. घरकर्जांना हमी देणाऱ्या सरकारी खात्याने, फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशनने, ही वस्ती फार जवळ आहे म्हणून हमी नाकारली. बिल्डरने मध्ये भिंत घातली आणि हमी मंजूर झाली! दगड मारणाऱ्या जमावाची चीड येतेच. पण टेबलाशी बसून शांतपणे शिक्का मारणाऱ्यांची मला जास्त येते. आता भिंतीच्या दोन्ही बाजूंना बहुतेक कृष्णवर्णीयच राहतात.

सीबाल्ट स्ट्रीटवर थोडंच थांबलो. ऑर्सेल आणि मिनी मॅकगी यांनी इथे घर घेतलं तेव्हा शेजारी कोर्टात गेले, कारण गोऱ्यांखेरीज कुणी राहायचं नाही अशी अट कागदोपत्री नोंदलेली होती. थर्गुड मार्शल यांनी मॅकगींची बाजू सर्वोच्च न्यायालयात मांडली. अशा अटी कोर्टांनी अमलात आणायच्या नाहीत, असा निकाल १९४८ साली लागला. घर विकताना, भाड्याने देताना वर्णभेद करायला देशभर बंदी घालणारा कायदा यायला १९६८ उजाडलं.

शेवटी गारलँड स्ट्रीट. शार्लव्हॉयच्या कोपऱ्यावर विटांचं दीड मजली घर, पुढे ओटा. गोऱ्यांच्या वस्तीतलं हे घर कृष्णवर्णीय डॉ. ऑसियन स्वीट यांनी १९२५ साली १८,५०० डॉलरना घेतलं, बाजारभावापेक्षा चढ्या किमतीला. ८ सप्टेंबरला ते राहायला आले, सोबत बंदुका आणि मदतीला भाऊ, मित्र. छोटी मुलगी आयव्हा आजीकडे ठेवली होती. दुसऱ्या रात्री जमावाने दगडफेक केली. पोलीस तिथेच उभे होते. घरातून गोळ्या सुटल्या, बाहेरचा एक माणूस मेला. घरातल्या अकराही जणांना खुनाच्या आरोपाखाली अटक झाली. त्यांत एकच बाई, डॉक्टरांची पत्नी ग्लॅडिस.

क्लॅरेन्स डॅरो यांनी वकीलपत्र घेतलं. पहिल्या खटल्यात ज्यूरींचं एकमत झालं नाही. दुसऱ्यात, १९२६च्या मे महिन्यात, सगळ्या गोऱ्या ज्यूरींनी डॉक्टरांचा भाऊ हेन्री याला निर्दोष ठरवलं. बाकीच्यांवरचे आरोपही पुढे मागे घेतले गेले. न्यायाधीश होते फ्रँक मर्फी; मॅकगींच्या निकालाच्या वेळी हेच मर्फी सर्वोच्च न्यायालयात बसले होते.

हा विजय सगळे सांगतात. पण दोन वर्षांची आयव्हा १९२६ सालीच क्षयाने गेली, आणि दोन वर्षांनी ग्लॅडिसही त्याच रोगाने. तुरुंगात तिला तो जडला, असं घरच्यांना वाटत राहिलं. डॉक्टर मग एकटेच या घरात राहायला परतले. ते त्यांनी १९५८ साली विकलं, एका कृष्णवर्णीय कुटुंबालाच.