मल्लेश्वरमचा चेहरा

बंगळूरला जाणारी आपली मंडळी लालबाग पाहतात, रेशमी साड्या घेतात आणि म्हैसूरची गाडी पकडतात. या खेपेस आम्ही एक सकाळ मल्लेश्वरमला दिली.

१८९८ साली बंगळुरात प्लेग आला. दाटीवाटीच्या पेठांत माणसे दगावू लागली, तेव्हा मल्लेश्वरम आणि बसवनगुडी या आखीव वसाहतींकडे लोक वळले. सरळ रस्ते, त्यांना काटकोनात छेदणारे ‘क्रॉस’. जुन्या बंगल्यांचे दर्शनही तसेच : मधोमध दार, दोहों बाजूंस खिडक्या, त्यांवर टोकदार लाकडी झालर. तिला इथे ‘मंकी टॉप’ म्हणतात. भुवया उंचावलेला माणूसच जणू!

दोन्ही बाजू जुळणारा चेहरा आपल्याला देखणा वाटतो, असे संशोधक सांगतात. गंमत म्हणजे गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८७८ च्या सुमारास गुन्हेगारांची छायाचित्रे एकमेकांवर छापली, तर मिश्र चेहरा मूळ चेहऱ्यांहून बरा दिसला!

पण या देखण्या घरांमागे अरुंद बोळही आखलेले होते. मैला वाहणाऱ्यांनी दर्शनी रस्त्यावर येऊ नये म्हणून. हे कळल्यावर झालरींचे कौतुक जरा ओसरलेच.

आखणीच्या कितीतरी आधीपासून इथे आहे ते काडु मल्लेश्वराचे देऊळ. ‘काडु’ म्हणजे रान. तिथे शिवरायांचे सावत्र बंधू एकोजी यांचा १६६९ चा दानलेख आहे. झाडांच्या सावलीत, नागांच्या दगडी मूर्तींशेजारी आम्ही बराच वेळ बसून राहिलो. म्हैसूरची गाडी अर्थातच चुकली.