एक वकील, दोन अशील

अमेरिकेत पोलिसाने विनाकारण मारहाण केली किंवा खोट्या आरोपाखाली डांबले, तर पीडित नागरिक १८७१ च्या नागरी हक्क कायद्याच्या आधारे फेडरल न्यायालयात भरपाईचा दावा लावतो. प्रतिवादी सहसा दोन असतात: तो पोलीस आणि त्याचे शहर. दोघांच्या वतीने शहराच्या विधी खात्यातला एकच वकील उभा राहणे ही तिथली जुनी, स्वस्त आणि सोयीची वहिवाट. माझा आक्षेप त्या वकिलाच्या सचोटीवर नाही. सचोटी असूनही ज्याला दोघांना एकाच वेळी खरा सल्ला देता येत नाही, अशा जागी कायद्यानेच त्याला बसवले आहे.

१९७८ च्या मोनेल खटल्यात अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने शहरांवर असे दावे लावायला मुभा दिली, पण नोकराच्या चुकीला मालक आपोआप जबाबदार, हे तत्त्व इथे नाकारले. शहराचे धोरण किंवा रुळलेली पद्धत त्या हानीला कारण ठरली, तरच शहर जबाबदार. दोघांची भांडणे इथून सुरू होतात. ‘मला शिकवले तसाच मी वागलो’ हा पोलिसाचा उत्तम बचाव, तर ‘आम्ही असे कधीच शिकवले नाही’ हा शहराचा. पुढे १९८० मध्ये ओवेन खटल्यात ठरले, की सद्भावनेने वागल्याच्या बचावाची ढाल शहराला मिळणार नाही. ती पोलिसापुरतीच राहिली. १९८१ मध्ये न्यूपोर्ट खटल्यात ठरले, की या कायद्याखाली शिक्षा म्हणून लादायची भरपाई शहराकडून वसूल होणार नाही. तिचा धोका पोलिसाच्याच डोक्यावर. एकाच कैफियतीखाली सही करणाऱ्या दोघांपुढची संकटे अशी वेगवेगळी आहेत.

याचा परिणाम न्यूयॉर्क राज्यातल्या सफोक काउंटीच्या १९८४ च्या डन्टन खटल्यात उघडा पडला. आपल्या पत्नीशी लगट करताना आढळलेल्या माणसाला एका पोलीस अधिकाऱ्याने मारल्याचा आरोप होता. काउंटीचा वकील काउंटी आणि अधिकारी या दोघांचाही होता. त्याने ज्युरीपुढे मांडले, की हा अधिकारी पोलीस म्हणून नव्हे, संतापलेला नवरा म्हणून वागला. काउंटीच्या बाजूने हा युक्तिवाद बिनतोड! पण त्याच तोंडाने दुसऱ्या अशिलाचा ‘कर्तव्य बजावत होतो’ हा बचाव मोडून पडला. दोन अशिलांपैकी निकाल एकट्या अधिकाऱ्यावर उलटला. अपील न्यायालयाने तो रद्द करून त्याच्यापुरती फेरसुनावणी ठेवली.

यावर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की पोलीस निर्दोष ठरला तर त्याच कृत्याबद्दल शहरही सुटते, हे १९८६ च्या हेलर निकालाने मान्य केले आहे. मग हित एकच नाही का? बऱ्याच दाव्यांत ते एकच असते, हे मी मान्य करतो. पण ते एकच आहे की नाही, हे कोणी ठरवायचे? ठरवणारा स्वतः शहराच्या पगारावर आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार. कायद्याच्या अभ्यासक जोआना श्वार्ट्झ यांच्या २०१४ च्या अभ्यासात दिसले, की पीडितांना मिळालेल्या रकमेपैकी पोलिसांनी स्वतःच्या खिशातून दिलेला वाटा ०.०२ टक्के इतका नगण्य होता. शहरच पैसे भरणार असेल, तर भांडण उरतेच कुठे? मला हा आकडा उलट बाजूने बोलका वाटतो. पैसे भरायचे की नाही हा निर्णय अनेकदा शहराच्याच हाती असतो आणि तो निकालानंतर होतो. ज्याच्या मर्जीवर आपले घर टिकणार, त्याच्या वकिलाला ‘माझ्या साहेबांनीच सांगितले होते’ असे कोण सांगेल? शिवाय नोकरी, चौकशी आणि संभाव्य फौजदारी खटला ही संकटे शहर भरपाई देऊन टाळू शकत नाही.

तिसरा आक्षेप संमतीचा: दोघांनी लेखी होकार दिला की झाले. पण जोखीम समजावून सांगणाराच हितसंबंधी असेल, तर त्या होकाराला किती अर्थ? हा पेच अमेरिकेपुरताच नाही. आपल्याकडे लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाईची रक्कम दोषी अधिकाऱ्यांकडून वसूल करण्याचा मार्ग दाखवला. तेव्हा संस्था आणि तिचा अधिकारी यांनी एकच वकीलपत्र द्यावे का, हा प्रश्न आपल्या महापालिकांनाही परका नाही.

कॅलिफोर्नियाचा कायदा हितविरोध असेल तर कर्मचाऱ्याचा बचाव नाकारण्याची सूट शहराला देतो, म्हणजे सावधगिरी शहराच्या सोयीसाठी तिथे आधीच लिहिलेली आहे. माझी मागणी तीच सावधगिरी कर्मचाऱ्यासाठी वापरण्याची आहे: शहराच्या वकिलाने पोलिसाची हकीकत ऐकण्याआधी, शहराच्या खर्चाने पण शहराबाहेरच्या वकिलाशी त्याची एक भेट. खर्च फार नाही, काही तासांची फी. हकीकत एकदा ऐकल्यावर मात्र ती विसरता येत नाही, आणि पुढे दोघे फुटले तर त्या वकिलाला दोघांचाही खटला सोडावा लागण्याची शक्यता असते. मग शहराला दोन नवे वकील नेमावे लागतात.